लेबलावरचा कुत्रा

दुकान बंद करायच्या बेतात होते, तेवढ्यात एक माणूस येऊन थेट आमच्या काचेच्या दारावर आपटला. चष्म्याच्या दुकानाला याहून चांगली जाहिरात ती कुठली!

एका हातात मोडका चष्मा, दुसऱ्या हाताने कपाळ चोळतोय, केसांतून भुरभुर पावसाचं पाणी ओघळतंय. आत येऊन तो अदबीने म्हणाला, "माफ करा हं, दार दिसलंच नाही."

"मी इकडे आहे," मी म्हटलं. "तो आरसा आहे."

तो इतका लाजला, की मलाच त्याची दया आली. काडीचा स्क्रू निखळला होता. नवा बसवला, काचा पुसल्या आणि नेहमीप्रमाणे चष्मा माझ्या हाताने त्याच्या डोळ्यांवर चढवून कानांमागे काड्या नीट करायला लागले. पाहते तर हा डोळे गच्च मिटून बसलेला.

"डोळे उघडा. फ्रेम सरळ बसली की नाही, कळत नाही मला."

"उघडले तर... तुमच्याकडे बघावं लागेल."

"मग बघा की. त्याचे वेगळे पैसे लावत नाही आम्ही."

त्याने बघितलं. आजवर शेकडो लोकांच्या कानांमागे हात घातले असतील मी. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

त्याच्या नखांत काहीतरी लालभडक होतं. "लागलंय का हाताला?" मी विचारलं.

"छे, शाई आहे. छापखाना आहे माझा. बाटल्यांची लेबलं छापतो... वाईनच्या."

"अस्सं," मी म्हटलं, आणि स्वच्छ काचा उगाच पुन्हा पुसायला घेतल्या. खरं तर तिथेच त्याला नमस्कार करून दार दाखवायला हवं होतं.

मग तो येतच राहिला. कधी फ्रेम सैल झाली म्हणून, कधी घट्ट झाली म्हणून. "अहो, तुमचं नाक रोज बदलतं की काय?" असं विचारलं, तर म्हणाला, "नाक तेच आहे हो. निमित्तं संपत आलीत." मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले, आणि घरी जाताना बसमध्ये एकटीच पुन्हा हसले.

त्याला चौदा वर्षांचा मुलगा, सगळे लांब्या म्हणायचे. लांब्याच्या आईने दुसऱ्या गावी नवा संसार थाटला होता. मला तेरा वर्षांची लेक. माझा नवरा गेला, हे मी त्याला सांगितलं होतं. कशाने गेला, ते त्याने विचारलं नाही. आजारी होते, एवढंच मी म्हटलं. दारू हासुद्धा आजारच की!

एक दिवस तो उड्या मारतच दुकानात आला. ज्यांची लेबलं तो वर्षानुवर्षं छापत होता, त्या मळेवाल्यांनी त्याला राहायला बोलावलं होतं. द्राक्षांचे मळे, टेकडी, वाईनरी... सगळं दाखवणार होते. "लेबलावरची टेकडी मी आजवर खरी पाहिलेली नाही. आपण चौघं जाऊ या? मुलांना एकमेकांची सवय होईल. आणि मग... मग बघू पुढचं."

पुढचं म्हणजे काय, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. अशा वेळी नाही कसं म्हणायचं? नवरा गेला तेव्हा लेक लहान होती, तिला कितीसं आठवत असणार, अशी मी मनाची समजूत घातली आणि म्हटलं, "छान कल्पना आहे."

शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. लांब्याला फक्त दोन गोष्टी हव्या होत्या, पोहण्याचा तलाव आणि गाडीतली पुढची सीट.

"पुढच्या सीटवर मी," माझी लेक म्हणाली. "मला गाडी लागते."

"तुला लागते, तर मागची खिडकी उघड ना."

"आणि तुझ्या डोक्यावर ओकू?"

लांब्या खो खो हसला. मी त्याच्या बापाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. टेबलाखाली त्याची करंगळी माझ्या हाताला अलगद लागली आणि तिथेच राहिली. मला वाटलं, जमलं बाई! सगळं जमलं!

"थांबा, तुम्हाला टेकडीच दाखवतो," असं म्हणून त्याने पिशवीतून लेबलांचा अख्खा कागद काढला आणि नकाशावर अंथरला. हिरवी टेकडी, वर छोटंसं घर, मागे लालसर आभाळ. एकाखाली एक, ओळीने तीच टेकडी.

ती टेकडी मी ओळखत होते. कितीदा कचऱ्यात टाकली होती, कितीदा कपाटामागून, कपड्यांच्या ढिगातून बाहेर काढली होती.

लेक कागदावर वाकली. "घरामागे कुत्रा आहे," ती म्हणाली.

त्याचा चेहरा असा उजळला! "तुला दिसला? अगं, लहानपणी आमच्याकडे होता तो कुत्रा. चित्र काढताना मीच गुपचूप बसवला तिथे. मळेवाल्यांनासुद्धा ठाऊक नाही. आजवर कुणालाच दिसला नाही. तुला कसा गं दिसला?"

"आमच्याकडे पुष्कळ बाटल्या असायच्या," लेक म्हणाली. अगदी शांतपणे, शाळेतला धडा वाचावा तशी. "आई कामावर जायची. बाबा इथेच या टेबलावर डोकं ठेवून झोपायचे. हलवलं तरी उठायचे नाहीत. मग मी बाटली समोर घेऊन कुत्र्याशी बोलत बसायचे."

लांब्याने नकाशावरचा हात काढून घेतला.

"शेवटच्या दिवशीपण मी त्याच्याशीच बोलत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, झोपलेत." मग खुर्ची सरकवून उठली. "मला तिकडे जायचं नाही." आत गेली आणि दार लावून घेतलं.

हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी ती शेजारी खेळत होती, असंच मी समजत आले होते. त्याने कागदाची गुंडाळी केली, पण ती पुन्हा पुन्हा सुटत होती. मग ती तशीच पिशवीत कोंबून तो लांब्याला घेऊन निघून गेला.

पुढचे दिवस कसे काढले, ते माझं मला माहीत. त्याचा फोन नाही, माझाही नाही. शेवटी मी उठले आणि छापखान्यात गेले. मशीन धडधडत होतं, कुठली तरी औषधाची वेष्टनं छापली जात होती. मी ओरडूनच सांगितलं, "आपण थांबू या!"

त्याने मशीन बंद केलं. आता ओरडायची गरज नव्हती, आणि तेच जास्त अवघड झालं.

"आपण येत नाही, असं मी मळेवाल्यांना कळवलंय," तो म्हणाला. "तुमच्या घरात माझी लेबलं होती... मला सुचतच नाही काही."

"तुमची काय चूक? पण मला आधी पोर."

"बरोबर आहे," तो म्हणाला. अडवलं नाही. अडवलं असतं, तर मी भांडले असते आणि निदान रडायला तरी कारण झालं असतं.

घरी येऊन लेकीला सांगितलं, "ते आता येणार नाहीत. मी नाही म्हणून आले."

तिने पुस्तकातून डोकं वर काढलं. "का?"

"का म्हणजे? तूच म्हणालीस ना!"

"मी म्हणाले, मला *तिकडे* जायचं नाही. काकांबरोबर जायचं नाही, असं कुठे म्हणाले?" तिचा आवाज चिरकला. "तू मला विचारतच नाहीस, आई. कधीच नाही विचारत."

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिने घेऊ दिलं नाही. माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. "काकांना लाव. मला ऐकू येईल असा."

पहिल्या घंटेलाच त्याने उचलला. लेक थेट म्हणाली, "काका, तुम्ही पिता का?"

पलीकडून तो म्हणाला, "पितो. कधीतरी. छपाई झाली की मळेवाले एक बाटली पाठवतात, ती."

"सोडाल?"

"हो. आत्ता या क्षणी—"

"लगेच हो म्हणू नका," ती म्हणाली. "बाबापण लगेच हो म्हणायचे."

माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"बरं," तो म्हणाला. "विचार करतो. रविवारी घरी येऊन तुला तोंडावर सांगतो. चालेल?"

"चालेल. लांब्यालापण आणा." एवढं बोलून ती उठून आत गेली. या वेळी दार लावलं नाही.

मी फोन कानाला लावला. "ऐकताय ना? मला तुम्ही आवडता. फार आवडता. रविवारी तुमचं उत्तर काहीही असो, आणि ते तिला पटो न पटो... पण हे आज सांगायचं होतं."

"मलाही सांगायचंय," तो हळूच म्हणाला. "पण मी लगेच बोललो, तर तुमची लेक विश्वास नाही ठेवणार."

"ती आत आहे," मी म्हटलं. "ऐकतेय फक्त मी."

मग त्याने सांगितलं.