ओट्याच्या कोपऱ्यातला स्पीकर

बसा जवळ. दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्याच स्पीकरच्या दुकानातल्या मिस्त्रीच्या बाबतीत घडलेली. त्याला आम्ही कानसेन म्हणायचो. गळा फाटका, पण कान असा तयार की नुसती खरखर ऐकून कुठली वायर सैल आहे ते सांगायचा. भुताखेतांची तर टिंगलच करायचा.

गेल्या नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार. संध्याकाळी सातला तो एका निवृत्त मास्तरांकडे स्पीकर लावायला गेला. मास्तर एकटेच, बायको जाऊन आठ महिने झालेले. जागा स्वयंपाकघरातली आणि तीही अडनिडी. फ्रिज आणि खिडकी यांच्यामधला ओट्याचा कोपरा, वर कपाट, शेजारी शेगडी.

"इथेच हवा," मास्तर म्हणाले. "ती इथे उभी राहून पीठ मळायची. हॉलमध्ये लावलेलं इथे ऐकू येत नाही म्हणून अकरा वर्षं मागे लागली होती. मी आपला, आणतो, आणतो..."

कानसेननं तीन खोकी नेली होती. उभा स्पीकर फ्रिजशेजारी मावेना. फळीवरचा मावला, पण शेगडीची वाफ थेट त्याच्या तोंडावर. "महिन्याभरात घसा बसेल ह्याचा," कानसेन म्हणाला. शेवटी बशीएवढा चपटा, वाफेला दाद न देणारा स्पीकर कपाटाच्या तळाला पालथा बसवायचं ठरलं. बरोबर पीठ मळणाऱ्या हातांच्या वर.

मास्तर तिथेच घुटमळत राहिले. "त्या रात्री मी मॅच बघत होतो हो. आवाज फुल. तिनं हाक मारली असणार... मला ऐकूच आली नाही. अर्ध्या तासानं आलो तर इथे पडलेली. हात पिठानं भरलेले."

कानसेननं मास्तरांना हॉलमधल्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसवलं, बातम्या लावायला सांगितल्या आणि स्वतः ओट्यापाशी स्टुलावर बसून स्पीकर कपाटाखाली पक्का केला. मास्तरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे बातम्या घरभर दणाणत होत्या.

आठ वाजून दहा मिनिटं.

डोक्यावरच्या स्पीकरमधून आवाज आला.

"अहो..."

उलटा जोडला तर स्पीकरचाच माइक होतो. कानसेनला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. वायर बघायला त्यानं हात वर नेला.

वायर हातातच होती. दोन्ही टोकं मोकळी.

"अहो..."

आता, अहो म्हणजे जगातला कुणीही. गिऱ्हाइकांच्या घरांतून आयुष्य गेलेला माणूस, सवयीनं बोलून गेला.

"ओ!"



मग अगदी कानाशी...

"तुम्ही नव्हे."

कानसेननं वायर ओट्यावर टाकली.

"ह्यांना सांगा... आवाज कमी करा."

हॉलमधल्या बातम्या थांबल्या.

मास्तर दारात आले. "तुम्ही बंद केलंत?"

कानसेननं मानेनंच नाही म्हटलं. मग ऐकलं ते सगळं सांगितलं, शब्दन्‌शब्द. मास्तर ओट्याच्या पायाशी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. "आज ऐकू आलं गं," एवढंच म्हणत राहिले.

हॉलमध्ये आवाजाचं बटण पार शून्यावर होतं. त्यावर दोन बोटांच्या ठशांएवढं पीठ. मळलेलं, ओलं. त्या घरात आठ महिने बाहेरून डबा येत होता. पिठाचा कण नव्हता.

मास्तर आता हॉलमध्ये काही लावत नाहीत. आठ वाजले की ओट्यापाशी खुर्ची ओढून बसतात. बटण कानसेननं बदलून दिलं. जुनं दुकानात ठेवायला कुणी तयार होईना, म्हणून माझ्याकडे आहे. हे बघा.

वर्ष होत आलं. घाबरता काय, बोट लावून बघा...

अजून ओलं आहे.