जोडीनंच जायचं

दोष मुख्याध्यापकांचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे कुणी मेलं की मोठी माणसं माना हलवतात आणि म्हणतात, काळच वाईट होता. काळ वाईट होताच. पण काळाला तोंड नसतं आणि खोटं बोलायला तोंड लागतं. ते मुख्याध्यापकांना होतं, मास्कच्या आत का होईना.

मी त्या शाळेच्या गेटवर होतो. कॉलेज मी साथीच्या पहिल्याच वर्षी सोडलं. आपण मोबाइलच्या चौकटीत बसून ‘हजर सर’ म्हणायचं आणि पलीकडे सरांनी चहा प्यायचा, याला शिक्षण म्हणायला मी तयार नव्हतो. घर म्हणजे मी आणि मावशी. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं. ती त्याच शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. शाळा पुन्हा उघडायचं ठरलं तेव्हा जुना वॉचमन परतलाच नव्हता. मावशीनं माझ्यासाठी शब्द टाकला आणि माझ्या हातात ताप मोजायची बंदूक आली. कपाळासमोर धरायची, चाप दाबायचा, आकडा बघायचा, आत सोडायचं. कुणी गार वाऱ्यातून आलं तर कधीकधी आकडा येतच नसे, नुसतं ‘लो’ असं उमटायचं. मग त्या माणसाला जरा आडोशाला थांबवून पुन्हा मोजायचं. एवढंच काम.

शाळा उघडायच्या आधी स्टाफला साफसफाईसाठी बोलावलं होतं. सगळ्यांची पाचावर धारण बसली होती, पण कबूल कोण करणार? वर्षानुवर्षं पोरांना ‘भित्रे कुठले’ म्हणत आलेली माणसं ती. स्टाफरूमच्या खिडक्या सताड उघड्या, फिनेलचा उग्र वास, आणि त्याच्याखालून हळूहळू वर येणारा बंद खोल्यांचा कुबट वास. खुर्च्या एकमेकींपासून इतक्या लांब की बोलायला ओरडावं लागे. म्हणून कुणी बोलतच नसे. गणिताचे सर हात धुवायला जात ते धुतच राहत. क्लार्ककाकांचा धाकटा भाऊ साथीत गेला होता. ते कुणाकडे न बघता नुसते किल्ल्या मोजत बसत.

ही कोंडी फोडली चित्रबाईंनी. चित्रकला शिकवायच्या म्हणून चित्रबाई. अंगावर कायम रंगांचे डाग पडलेला लांब कोट, टर्पेंटाइनचा वास आणि आवाज असा की त्यांना खुर्च्यांच्या अंतराचं काही वाटत नसे. त्या म्हणाल्या, “एकेकट्यानं घाबरण्यापेक्षा जोडीनं घाबरू. भीती निम्मी निम्मी वाटून घेऊ.”

मग जोड्या ठरल्या. रोज रात्री जोडीदाराला फोन करून विचारायचं, बरं आहे ना. एकाचं मन किंवा अंग बिघडलं तर दुसऱ्यानं एक शब्द न विचारता त्याचा वर्ग घ्यायचा. आणि शाळा सुटल्यावर कुणीही एकटं बाहेर पडायचं नाही. गेटजवळच्या बाकावर जोडीदाराची वाट बघायची, जोडीनंच जायचं.

मी हसलो होतो. म्हटलं, पहिलीच्या पोरांसारखी हात धरून चालणार का आता ही? पण एका संध्याकाळी क्लार्ककाका मुतारीत जाऊन रडत बसले, तेव्हा गणिताचे सर बाकावर बसून राहिले. अंधारून आलं तरी बसून राहिले. काका लाल डोळ्यांनी बाहेर आले तेव्हा सर एवढंच म्हणाले, “चला, माझ्या पायाला मुंग्या आल्यात.” मी मोठ्या माणसांचं कौतुक उगाच करत नाही. पण ते मी बघितलं.

मावशीची जोडी चित्रबाईंशी होती. मावशी बोलायची ती कानात सांगितल्यासारखी, त्यामुळे स्टाफरूममध्ये त्या दोघींना रेडिओ आणि तिची बॅटरी म्हणायचे.

पोरांनी अंतर ठेवून उभं राहावं म्हणून चित्रबाईंनी व्हरांड्यात पांढऱ्या रंगाची वर्तुळं काढली, प्रत्येकात बदकाची दोन पावलं. शेवटचं वर्तुळ, पहिलीच्या दारासमोरचं, अर्धं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. मुख्याध्यापकांनी सांगितलं की त्यांना जरा कणकण आहे, भावाकडे गेल्यात, विश्रांती घेतायत, कुणी फोन करून त्रास देऊ नका.

चित्रबाई त्याच आठवड्यात वारल्या होत्या. त्यांच्या भावानं स्वतः मुख्याध्यापकांना फोन करून कळवलं होतं, आणि त्यांनी ते गिळून टाकलं. एक मेलं हे कळलं तर बाकीचे घरी बसतील, मग शाळा उघडायची कशी? झाकली मूठ. त्यामुळे त्या बाईंसाठी कुणी रडलं नाही. त्यांचं कपाट कुणी आवरलं नाही. आणि मावशीला दुसरी जोडी कुणी दिली नाही.

शाळा सुरू झाली. मावशी रोज रात्री चित्रबाईंना निरोप पाठवायची. उत्तर नाही. रोज संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर थोडा वेळ बसायची, मग उठून माझ्याबरोबर घरी यायची. मी एकदा चिडून म्हटलं, मी आहे ना सोबतीला, वाट कुणाची बघतेस? ती म्हणाली, “तू घरचा. जोडी वेगळी.”

थंडी सुरू झाली आणि मावशीला ताप आला. नेमके दुसऱ्या दिवशी शाळा बघायला वरचे अधिकारी येणार होते. तिनं मुख्याध्यापकांना फोन लावला. तो स्पीकरवर होता आणि मी शेजारी बसलो होतो, म्हणून मला कुणी शिकवू नये कोण काय बोललं ते. त्यांनी ताप किती आहे हेसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, “पहिलीचा वर्ग रिकामा दिसून चालणार नाही, बाई. तुमच्या जोडीला सांगा ना.”

मावशी म्हणाली, “तिला बरं वाटतंय का पण?”

पलीकडून खाकरल्याचा आवाज.

“हो… सांगून तर बघा.”

मेलेल्या बाईला निरोप धाडायला सांगितलं त्यांनी. फोन लवकर संपावा म्हणून.

मावशीनं फोन तोंडाजवळ धरला आणि चित्रबाईंसाठी निरोप बोलली. आवाज बसला होता. अगं, उद्या माझा वर्ग बघशील का, पोरं नवी आहेत, घाबरतात गं, जमलं तर बघ. एवढंच. मग फोन उशाशी ठेवून ती पडून राहिली. थोड्या वेळानं बघते तर निरोपाखालच्या दोन्ही खुणा निळ्या झालेल्या. तापानं काळवंडलेला चेहरा तिचा, पण असा उजळला.

“वाचलं बघ तिनं,” ती म्हणाली.

सकाळी इतकं धुकं होतं की गेटवरून शाळेची इमारत दिसत नव्हती. पोरं धुक्यातून एकेक करून उगवायची, बंदुकीसमोर कपाळ धरायची आणि परत धुक्यात जायची. आवाजसुद्धा ओले झाल्यासारखे येत होते. पोरं आत गेली, मी गेट लोटायला वळलो आणि टर्पेंटाइनचा वास आला.

समोर त्या उभ्या होत्या. तो डागाळलेला कोट, मास्क, वर प्लास्टिकचा पडदा. पडद्यावर आतून वाफ नव्हती. त्या सकाळी प्रत्येकाच्या पडद्यावर वाफ होती. हे मला नंतर आठवलं. तेव्हा मला बरंच वाटलं, आल्या एकदाच्या. मी बंदूक धरली. ‘लो’. पुन्हा धरली. ‘लो’. धुकंच तसं होतं. म्हटलं, बाई, जरा आडोशाला थांबता का? त्या थांबल्या नाहीत. माझ्याजवळून जाताना एवढंच विचारलं, आणि तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे…

“ताप किती आहे तिला?”

“एकशे एक.”

त्यांनी मान हलवली. “मग आज सोबतच जाऊ,” असं म्हणाल्या आणि व्हरांड्याकडे गेल्या. पावलांचा आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही.

अधिकारी आले, वर्ग बघितले, खूश होऊन गेले. पहिलीचा वर्ग म्हणे सगळ्यात शांत होता. ते गेल्यावर मुख्याध्यापक व्हरांड्यातून माझ्याकडे आले. भिंतीला हात लावत लावत येत होते. मास्क हनुवटीवर घसरला होता आणि पोरांना रोज त्यावरून ओरडणाऱ्या माणसाला त्याचं भान नव्हतं.

“पहिलीवर… कोण आहे?”

“चित्रबाई.”

“कुणी सोडलं आत?”

“मी. तुम्हीच सांगितलं होतं ना मावशीला.”

ते बाकावर बसले. मग, गेटवरच्या पोरासमोर, त्यांनी सगळं सांगितलं. भावाचा फोन, तो आठवडा, झाकली मूठ. शाळा रुळावर आल्यावर सांगणारच होतो, असं तीन-तीनदा म्हणाले. शेवटी माझा हात धरून म्हणाले, “तू कुणाला बोलू नकोस, बाळ.”

मी हात सोडवून घेतला आणि स्टाफरूमच्या दारात जाऊन सगळ्यांना सांगितलं. कुणी ओरडलं नाही. गणिताचे सर उठले, त्यांनी आपली खुर्ची ओढत नेऊन क्लार्ककाकांच्या खुर्चीला चिकटवली आणि बसले. मग एकेक करून सगळ्याच खुर्च्या सरकल्या. मग सगळेच रडले. इतक्या उशिरा कळलेल्या मरणाला रडायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी पहिलीच्या वर्गाकडे गेलो. आत बाई नव्हत्या. पोरं हाताची घडी घालून फळ्याकडे बघत होती. फळ्यावर खडूनं मावशीचा चेहरा काढला होता. मास्कशिवाय. गालावरच्या तिळासकट, पुढच्या किंचित वाकड्या दातासकट. त्या पोरांनी आपल्या बाईंचा चेहरा तोवर कधी बघितलाच नव्हता. नुसते डोळे बघितले होते. आणि चित्रात नेमके डोळेच मिटलेले होते.

पुढच्या बाकावरच्या मुलीनं हळूच विचारलं, “आमच्या बाई झोपल्यात का?”

माझ्या मागून मुख्याध्यापक आत आले आणि त्यांनी ओल्या फडक्यानं फळा पुसून टाकला. पुसण्यात हुशारच होते ते.

दाराबाहेरचं अर्धं वर्तुळ पूर्ण झालं होतं. रंग ओला होता. माझ्या बोटाला लागला.

शाळा सुटली. जोड्या गेटमधून बाहेर पडत होत्या, पण त्या दिवशी कुणी घरी जाईना. सगळे रस्त्यापलीकडे घोळका करून उभे. धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. आणि गल्लीच्या टोकाकडून मावशी येताना दिसली. घरातल्या चपला, अंगावर चादर. भिंत धरून चालत होती. मी धावलो, रागावलो, तिला उचलून घरी न्यायला लागलो. ती इतकी भाजत होती की हात ठेववेना. पण ती बाकाकडेच ओढ घेत राहिली. बसली, आणि शेजारी जागा सोडून बसली.

“मावशी, चल. त्या… चित्रबाई वारल्यात. कधीच वारल्यात. तुला खोटं सांगितलं.”

“माहीत आहे रे,” ती म्हणाली. “दुपारी फोन आला होता.”

“कुणाचा?”

“तिचाच.”

तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. तेच मला आजही सहन होत नाही.

“इतके दिवस एकटीच जातेय ती,” मावशी शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणाली. “कुणी सांगितलंच नाही रे मला. मी थांबले असते तिच्यासाठी… जरा नीट थांबले असते.”

टर्पेंटाइनचा वास आला आणि गेला.

गणिताच्या सरांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. दारातून आत नेताना माझा हात सोडवला. त्या दाराबाहेर मी बसून होतो तितके दिवस सर आणि क्लार्ककाका आळीपाळीनं नाही, जोडीनं येऊन बसले. काका घरून पोळीभाजी आणायचे आणि सर मी खाईपर्यंत वाट बघायचे. मग एका पहाटे आतून कुणीतरी आलं, आणि काकांनी मला बोलूच दिलं नाही, नुसतं कवटाळलं.

मी अजून गेटवर आहे. शाळा सुटल्यावर बाक पुसतो. एकदा सहज म्हणून बंदूक त्या रिकाम्या बाकावर धरली. डाव्या बाजूला ‘लो’. लोखंडी बाक, थंडीचे दिवस, येणारच. मग उजव्या बाजूला धरली, मावशी बसायची तिथे.

एकशे एक.

आता तर उन्हाळा येऊन गेला, सेल बदलले, बंदूकही नवी आली. मी रोज मोजतो. तेवढाच ताप आहे. उतरत नाही. त्या दोघी अजून कुणाची वाट बघतायत, ते मला माहीत नाही.

त्या दोघींच्या शोकसभेत मुख्याध्यापक म्हणाले, काळच वाईट होता. मग ते दुपारून घरी गेले. त्यांना हे सगळं अर्ध्या दिवसाच्या रजेला पडलं.