बाईच्या लुगड्याचा तुकडा

मे महिन्यातल्या त्या दुपारी प्रेमिलानं लेकीला, गुंजनला, पेज पाजली, अंगावर पांघरूण घातलं आणि महिला मंडळाच्या खोलीची किल्ली कमरेला खोचून ती निघाली. काम साधंच होतं. भिंतीवरची गोधडी उतरवायची आणि तिचा एक तुकडा उसवायचा.

ती गोधडी मनकर्णाबाईच्या आठवणीत शिवलेली. नागऱ्याच्या आसपासच्या दहा गावांतल्या बायांच्या हाती सुई दिली ती या बाईनं. शिकवताना जीभ अशी चालायची, की सुई टोचलेली परवडली! पण तिच्यामुळेच बाया घराबाहेर पडल्या, चार लोकांत बोलू लागल्या. ती गेल्याला वर्ष झालं तेव्हा तिच्या लाडक्या प्रेमिलानं ठरवलं, प्रत्येक घरातून एक कापड आणायचं आणि मधोमध बाईचं हिरवं लुगडं लावायचं.

"मेलेल्याचा कपडा जित्याच्या कपड्याले जोडू नोका, पोरीहो," असं बाई दर खेपेला बजावायची. मंडळातल्या शामकलानं तशी आठवणही करून दिली होती.

"आपली बाई का परकी हाये?" प्रेमिला म्हणाली आणि तिनं टाका घातला. फार जीव होता हो तिचा बाईवर. त्या जीव लावण्यानंच घात केला.

लुगड्याला लागून पहिला तुकडा शामकलाचा होता. भर उन्हाळ्यात तिला हुडहुडी भरली आणि आठव्या दिवशी ती गेली. दुसरा गावातल्याच टेकचंदच्या सदऱ्याचा. तोही तसाच कुडकुडत गेला. डॉक्टरांना काही सापडलं नाही. तिसरा तुकडा गुंजनच्या जुन्या फ्रॉकचा. अकरा वर्षांची पोर कालपासून म्हणत होती, "आई, मले थंडी वाजून राहिली..."

खोलीचं दार उघडताच गुडाखूचा उग्र वास आला. बाई सकाळ-संध्याकाळ ज्या तंबाखूच्या लेपानं दात घासायची, त्याचाच. खिडक्या तर महिनाभर बंद होत्या. दूरच्या राइस मिलची घरघर तेवढी ऐकू येत होती, तीही हळूहळू दबत गेली. प्रेमिलानं गोधडी खाली ओढली, ब्लेड लावलं. एक टाका तुटला आणि तिचा हात थांबला. तिचे स्वतःचे टाके लांबट. हे तांदळाच्या कणीएवढे, एका मापाचे. असा टाका दहा गावांत एकीच्याच हाताचा होता.

"बाई..." तिला रडू फुटलं. "चूक माही हाये. मले ने... पोरीले सोड..."

हाताखालचं लुगडं विहिरीच्या पाण्यासारखं गार पडत गेलं. बोटं बधिर झाली तरी ती उसवत राहिली. अखेर फ्रॉकचा तुकडा सुटला. तो मुठीत धरून ती अनवाणी घराकडे पळत सुटली.

गुंजन खाटेवर जागी होती.

"आता थंडी नाही वाजून राहिली, आई."

प्रेमिलाच्या जिवात जीव आला. "उठ माय, पाणी पे."

"नाही उठता येत... बाई म्हणे, हालू नोको..."

प्रेमिलानं पांघरूण ओढलं. पोरीच्या अंगातल्या फ्रॉकला गळ्यापासून घेरापर्यंत हिरवं लुगडं जोडलेलं होतं, बारीक, एका मापाच्या टाक्यांनी. ब्लेड तिकडेच राहिलेलं. गळ्याजवळची गाठ दातांनी तोडायला ती वाकली, पण गुंजनचा श्वास तिच्या गालाला लागला नाही. गाठीपुढचा दोरा कुणीतरी आधीच दातांनी तोडला होता. त्याचं टोक अजून ओलं होतं.