झेंडू कुणी नेले?

"कोटाचे खिसे रिकामे कर, प्लीज!" मिस्टर प्रिचर्ड म्हणाले.

रश्मीने केले. बसचं तिकीट, अर्धं खोडरबर, एकच हातमोजा. संपलं! आईचा चेहरा लाल झाला होता. रश्मीला मात्र काहीच वाटलं नाही. फेब्रुवारीत आजी गेल्याचा साताऱ्याहून फोन आला, तेव्हापासून तिचं हे असंच झालं होतं. मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो ना, तसं सगळं अंगच.

इस्टरच्या सुट्टीत इंग्लंडमधल्या स्लाऊ गावाच्या कम्युनिटी हॉलमध्ये प्राचीन माया लोकांचं प्रदर्शन लागलं होतं. काल, रविवारी, हॉलच्या दुसऱ्या टोकाला मराठी मंडळाचा पाडवा झाला. आणि आज प्रदर्शनातला जेड दगडाचा मणी गायब! हजार वर्षांपूर्वीचा, हिरवागार, वाटाण्याएवढा. माया लोक मेलेल्या माणसाच्या तोंडात असा मणी आणि मका ठेवत. ती पाटी वाचून काल रश्मी काचेच्या कपाटापुढे कितीतरी वेळ उभी होती. आजीच्या तोंडात तुळशीचं पान कुणी ठेवलं असेल, एवढंच तिच्या मनात येत होतं. पण लाल कार्डिगनवाली मुलगी प्रदर्शन सांभाळणाऱ्या प्रिचर्डसाहेबांच्या बरोबर लक्षात राहिली!

"तीन वाजता प्रदर्शनाचं सामान न्यायला व्हॅन येईल," ते आईला म्हणाले. "तोवर मणी मिळाला नाही, तर मला पोलिसांना तुमच्या मुलीचं नाव सांगावं लागेल."

"ए, काहीतरी बोल ना!" नंदा रश्मीच्या कानाशी पुटपुटली. नंदा शेजारची, तेरा वर्षांची आणि महाचौकस. "ती चित्रातली राणी बघ. जिभेतून काट्यांची दोरी ओढतेय! रक्त कागदावर पाडायचं, कागद जाळायचा, मग धुरातून पूर्वज दिसायचे म्हणे! तुझी तर जीभ धडधाकट आहे!"

"तिचा जीभला होल आहे," रश्मीचा नऊ वर्षांचा भाऊ उदय गंभीरपणे म्हणाला. "यक्!"

रश्मी खिडकीखालच्या टेबलाकडे बघत होती. माया लोक देवापुढे काय ठेवत, ते तिथे मांडून दाखवलं होतं. मातीचं भांडं, त्यात मक्याचे दाणे, धुपाचे खडे आणि झेंडू. आज भांडं लख्ख रिकामं!

"नंदा," ती हळूच म्हणाली, "चोराने मणी नेला, ठीक आहे. पण सुकलेले झेंडू कशाला नेईल तो?"

नंदाने तडक प्रिचर्डना गाठलं. "सर, मणी शेवटपर्यंत कपाटातच होता?"

प्रिचर्ड खोकले. त्यांनी टाय नीट केला. "काल संध्याकाळी पेपरचा फोटोग्राफर आला. मक्यावर ठेवला तर उठून दिसेल, म्हणाला. नंतर मी तो परत कपाटात... ठेवला असेन."

"असेन?" आईचा आवाज हॉलभर घुमला.

म्हणजे मणी भांड्यातच राहिला! आणि सुकलेली फुलं उचलणारं माणूस मंडळात एकच होतं.

"सुप्रभामावशी!" तिघंही एकदम ओरडली.

सुप्रभामावशी पूजेची एक पाकळीसुद्धा कचऱ्याच्या बिनमध्ये जाऊ देत नसत. सगळं निर्माल्य पिशवीत भरायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पद्माकरकाका ते गुपचूप कालव्यात सोडून यायचे. आईने हॉलच्या फोनवरून मावशींना गाठलं.

"अगं, दोन टेबलं होती ना?" मावशी म्हणाल्या. "फुलं, धूप, धान्य, पूजेचंच दिसलं ते! मुलींनी मांडलं असेल म्हणून मीच आवरलं. हे मघाशीच गेले बघ कालव्यावर!"

पळा! कालवा दोन गल्ल्या पलीकडे. मागून आई धापा टाकत ओरडत होती, "काठापासून लांब! उदय, बुटाची लेस बांध!"

कालव्याकाठी एक गळवाला आपला डबा उचलून निघाला होता. तो वळणाआड जाताच बाकावरचे पद्माकरकाका उठले, काठाशी गेले आणि त्यांनी पिशवी तिरकी केली. नंदाला दम लागला होता. उदय मागे पडला होता.

"काका, थांबा!"

एवढा मोठा आवाज आपला आहे, हे रश्मीला क्षणभर कळलंच नाही. बदकं फडफडत उडाली!

"केवढ्यांदा गं!" काका दचकून मागे सरले. "तासभर तो गळवाला हलेना, आता गेला तर तुम्ही आलात!"

बाकावर पेपर पसरून पिशवी उपडी केली. कडुनिंबाचा पाला, साखरेच्या गाठी, मका, झेंडू. उदय बोटांनी चिवडत होता. "सापडली! म्हणजे, सापडला! मणी!"

तीनला वीस मिनिटं असताना मणी कपाटात गेला. या वेळी कुलूप लागलं. नंदाने ते दोनदा ओढून पाहिलं! प्रिचर्डचे कानसुद्धा लाल झाले होते.

"मिस रश्मी, मी तुझी माफी मागतो," ते म्हणाले. "निष्काळजीपणा माझा, आणि खिसे तुझे तपासले. माया लोक देवासाठी विहिरीत जेड टाकत. आज हा थोडक्यात वाचला, तो तुम्हा तिघांमुळे!"

"शाबास गं पोरींनो! उदय, तूसुद्धा!" धावत आलेल्या सुप्रभामावशींनी कानाला हात लावला. "यापुढे विचारल्याशिवाय पाकळी उचलणार नाही."

निर्माल्य मात्र अजून पिशवीतच होतं. काका निघाले, तशी रश्मी म्हणाली, "मी येऊ?"

कालव्याशी तिने एक झेंडू निवडला आणि खाली वाकली. आईने मागून तिचा कोट मुठीत घट्ट धरला. फूल टाकायचं नव्हतं, सोडायचं होतं. रश्मीने हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. एप्रिलचं पाणी बोटांना कडकडून चावलं.

"आई," ती म्हणाली, "किती गार आहे!"

आईने मूठ सोडली नाही.