डोंगरावरची सतरा मांजरं

"हलू नकोस रे! गाल फुगव! आता हस... अरे, दात नको दाखवूस, दातांवरही माती बसलीये!"

चिमटीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि ढब्बू तोंड मिटून हसला. त्याचा सगळा चेहरा काळ्याकुट्ट, चिकट, बुळबुळीत मातीने माखला होता. हनुवटीवरून एक ओघळ हळूच निघाला आणि थेट शर्टाच्या कॉलरमध्ये शिरला.

"शीऽऽ! गार आहे गं!" ढब्बू किंचाळला.

"वास कसला येतोय पण?" कानसेनने नाक दाबून विचारलं.

"गुलाबाचा!" दुकानाचे मालक काका म्हणाले.

"गुलाबाचाच येतोय काका. पण गुलाबाच्या मागे कुणीतरी मेल्यासारखं वाटतंय."

काका हसले. त्यांचं टक्कल, गाल, बूट सगळं इतकं चकचकीत होतं की माशी बसली तर घसरून पडायची. म्हणून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं गुळगुळीत काका. त्यांनी 'रेशीममाती' नावाचा लेप बाजारात आणला होता. सोनेरी झाकणाची बरणी, तिच्यावर डोंगराचं चित्र आणि खाली 'उंच डोंगरातल्या गुप्त तळ्याची माती'. गावातल्या निम्म्या मावश्या, काकू आणि आत्या तो लेप थापून भुतासारख्या गॅलरीत बसायच्या!

आता ही तीन कार्टी ऐन सुट्टीत तिथे काय करत होती? तर जीव वाचवत होती. स्वतःचा नव्हे, विषयाचा! त्यांच्या शाळेत नववीपासून एक ऐच्छिक विषय होता, व्यवसाय, जाहिरात आणि डिजिटल माध्यम. त्याला वर्ग म्हणून एक खोली आणि खोलीत चार संगणक, त्यातल्या एकाला 'क'चं बटणच नाही. पण तिघांचा जीव त्या खोलीत अडकलेला. आणि मुख्याध्यापिकाबाई, म्हणजे मोठ्या बाई, म्हणाल्या होत्या, "सुट्टी संपायच्या आत गावातल्या एका तरी खऱ्या दुकानदाराने तुमची जाहिरात घेतली पाहिजे. नाही घेतली, तर विषय बंद. त्या खोलीत मोडकी बाकं ठेवू."

अकरा दुकानदारांनी नाही म्हटलं. बारावे गुळगुळीत काका. ते चटकन हो म्हणाले.

"अंऽ... खारट आहे," ढब्बू म्हणाला.

"तू चाटलंस?" चिमटी ओरडली.

"ओठावर आलं होतं ना! मी काय करू?"

ढब्बू हा असाच. लहानपणी त्याने म्हणे चुकून छत्री गिळली होती आणि पावसाळाभर पोट कोरडं राहिलं होतं. खरंखोटं त्याची आई जाणे.

चिमटी पुढे वाकली. ढब्बूच्या गालावर काहीतरी चमकत होतं. तिने ते अलगद उचललं. गोल, पातळ, नखासारखं, आरपार दिसणारं.

"काका, हे काय?"

"अभ्रक!" काका चटकन म्हणाले. "डोंगरातलं अभ्रक! चेहऱ्याला तेज येतं ते त्यानेच." त्यांनी बरणीचं झाकण लावलं. त्यांच्या हातात रबरी मोजे होते. ते त्यांनी एकदाही काढले नव्हते. "आणि हा घ्या पेनड्राइव्ह. तळ्यातून माती काढतानाचं चित्रण आहे यात, मी स्वतः काढलंय. आवाजबिवाज सगळा काढून टाका. वर छान बासरी लावा. शनिवारी शाळेच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवू. तुमच्या मोठ्या बाईंनाच सगळ्यांसमोर लेप लावतो!"

संध्याकाळी तिघं संगणकाच्या खोलीत बसले. ढब्बूने तोंड सात वेळा धुतलं होतं, तरी कानसेन त्याच्यापासून दोन खुर्च्या लांब.

पडद्यावर काळी माती दिसली, तिच्यात एक बादली बुडाली, भरून वर आली. डोंगर कुठेच नाही. तळ्याचा काठही नाही. नुसती माती, तीही अगदी जवळून.

"चल, आवाज पूस," चिमटी म्हणाली.

"अजिबात नाही!" कानसेनने हेडफोन चढवला. "जाहिरातीच्या बाईंनी काय शिकवलंय? मूळ आवाज कधी फेकायचा नाही. आधी ऐकायचा, वेगळा काढून ठेवायचा, मगच संगीत." या मुलाच्या कानांची तऱ्हाच वेगळी. शेजारच्या गल्लीत कुणी जांभई दिली तरी तो इकडून 'झोपा आता' म्हणायचा.

त्याने डोळे मिटले. मग एक उघडला.

"काय रे?"

"म्याव."

"काय?"

"मांजर आहे. दोन. चार... अगं, अख्खी फौज आहे मांजरांची! सतरा तरी असतील!"

"उंच डोंगरावर सतरा मांजरं काय करतायत? सहलीला गेलीत?" ढब्बू खो खो हसला.

कानसेन हसला नाही. त्याने हेडफोनची वायर काढली आणि आवाज खोलीभर सोडला. मांजरांच्या मागून एक यंत्र ऐकू येत होतं. घर्रर्र... घर्रर्र... खडाड्! फुस्स. पुन्हा घर्रर्र... घर्रर्र... खडाड्! फुस्स.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गावातलं शेंबडं पोरही तो आवाज ओळखत होतं. मासळी बाजारातलं बर्फ फोडायचं यंत्र! त्याचा एक दात तुटलेला, म्हणून दर तिसऱ्या फेरीला ते ठेचकाळायचं.

चिमटीने खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात जपून ठेवलेलं ते 'अभ्रक' तिने दिव्यासमोर धरलं.

"ढब्बू," ती हळूच म्हणाली, "हे माशाचं खवलं आहे."

"मग मी जे चाटलं ते..."

पुढचं वाक्य त्याने खोलीत पूर्ण केलं नाही. तो मोरीकडे पळाला आणि बराच वेळ आला नाही.

सकाळी उजाडल्या उजाडल्या तिघं मासळी बाजाराच्या मागच्या बाजूला गेले. तिथे उघडं गटार होतं. गटार कसलं, काळी खीरच ती! वर हिरवी साय, सायीवर बुडबुडे, एकेक बुडबुडा फुटला की असा वास सुटायचा की वरून जाणारा कावळाही पंखाने नाक झाकायचा. माशांची आतडी, कल्ले, डोकी सगळं तिथेच येऊन कुजत होतं. काठावर मांजरं बसली होती. चिमटीने मोजली. सतरा!

"शूऽऽ! आले!"

तिघं मासळीच्या रिकाम्या पेट्यांमागे दडले. गुळगुळीत काका आले. तोंडाला फडकं, हातात तेच रबरी मोजे, दोन बादल्या. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, बादली गटारात बुडवली आणि तळातला गाळ भरभरून वर काढला. मग खिशातून गुलाबाच्या अत्तराची बाटली काढून आधी स्वतःच्याच नाकाला लावली.

"याक्! हे माझी आत्या रोज तोंडाला लावते," कानसेन पुटपुटला.

"मी तर चाखलंय," ढब्बू रडवेला झाला.

"गप्प बसा रे! चित्रण घेतेय ना मी!" चिमटीने मोबाइल पुढे केला. तेवढ्यात वरच्या पेटीतून काहीतरी लांब, गिळगिळीत, थंड तिच्या मानेवर पडलं आणि पाठीवरून घसरत खाली जायला लागलं. ती उडालीच! हातातला मोबाइल सुटला. डुबुक्क! हिरव्या सायीला एक भोक पडलं आणि सावकाश बुजलं.

"कोण आहे तिकडे?" काका गरजले.

"मी आहे मी! ओरडायला काय झालं?" एक मासळीवाली मावशी हातात कोयता घेऊन पुढे आली. काका बादल्या उचलून असे पळाले की वाटेत दोनदा घसरले.

"काय गं, तुम्ही पोरं इथे काय करताय? आणि तुझ्या मानेवर आतडं कशाचं?" मावशीने ते दोन बोटांनी उचलून मांजरांकडे भिरकावलं.

चिमटीने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मावशीचे डोळे मोठे होत गेले.

"अगं बाई! दोन महिने गटारातला गाळ आपोआप कमी होतोय, म्हणून आम्ही पालिकेचा सत्कार करायला निघालो होतो! शाल आणून ठेवलीये! तर हा ते बरणीत भरून बायकांच्या तोंडाला फासतोय?"

मोबाइल गेला. पुरावा गेला. तिघं मान खाली घालून जाहिरात शिकवणाऱ्या बाईंच्या घरी पोचले. बाईंनी दार उघडलं आणि लगेच खिडकीही उघडली.

"अंगणातच उभे राहा आणि बोला," त्या म्हणाल्या.

सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"वस्तू कुठून येते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच तिच्याबद्दल एक शब्द लिहा," चिमटी पुटपुटली. "आणि मी न बघताच लिहिलं, 'चेहऱ्यावर डोंगराची पहाट'."

"बाई, पण ही जाहिरात दिली नाही तर विषय जाईल," कानसेन म्हणाला.

बाई पायरीवर बसल्या. "जाऊ दे गेला तर. घाण विकून वाचवलेला विषय मला शिकवता येणार नाही."

मग चिमटीचे डोळे एकदम लुकलुकले.

"बाई, जाहिरात द्यायची. काकांचंच चित्रण, जसंच्या तसं. फक्त बासरी नाही लावायची!"

शनिवारी सभागृह खचाखच भरलं. सोनेरी झाकणांच्या बरण्यांचा मनोरा उभा होता. मोठ्या बाई गळ्याला टॉवेल बांधून खुर्चीत बसल्या होत्या. पहिल्या रांगेत होत्या मासळी बाजारातल्या सगळ्या मावश्या, चिमटीच्या खास आमंत्रणावरून.

"पहिला मान मोठ्या बाईंना!" असं म्हणून काकांनी मोजे घातलेल्या बोटाने त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका दिला. "आणि आता बघा, उंच डोंगरातलं गुप्त तळं!"

दिवे मालवले. पडद्यावर बादली बुडाली आणि सभागृहात घुमलं, घर्रर्र... घर्रर्र... खडाड्! फुस्स. म्यावऽऽ!

"बासरी कुठाय? बासरी!" काका कुजबुजले.

"अगो, हे तर आपलं बर्फाचं मशीन!" पहिल्या रांगेतून मावशी ताडकन उठली.

"ड... डोंगरावरही बर्फ असतो!" काका म्हणाले.

"आणि दात तुटलेलं मशीनही असतं का?" कानसेनने विचारलं.

"आणि मांजरं?" ढब्बू ओरडला. "मोजून सतरा!"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. ज्या बायका लेप लावायच्या, त्यांचे हात आपोआप गालांकडे गेले. चिमटीने एक बरणी उघडून काकांसमोर धरली.

"काका, आम्ही चुकीचं म्हणत असू तर तुम्हीच लावा. पण मोजे काढून."

काकांनी मोजा काढला. बोट बरणीजवळ नेलं. मागे घेतलं. पुन्हा नेलं. त्यांचा चकचकीत चेहरा आधी पिवळा, मग हिरवा झाला. "ओऽऽक्!" करून त्यांनी तोंडावर हात दाबला आणि धावत सुटले. दारात पालिकेचे अधिकारी उभेच होते. मावशीने त्यांना शालीचं निमित्त सांगून बोलावलं होतं.

मोठ्या बाईंनी शांतपणे नाकावरचा ठिपका टॉवेलला पुसला. टॉवेल दोन बोटांनी लांब धरला. त्यावर एक खवलं चमकत होतं.

"याला म्हणे पहिला मान!" त्या दातओठ खात म्हणाल्या. मग तिघांकडे वळल्या. "शाबास रे पोरांनो! पण माझी अट म्हणजे अट. खऱ्या दुकानदाराने जाहिरात घेतली का?"

तिघांचे चेहरे उतरले.

"मी घेते की!" मावशीने पदर खोचला. "आम्हा सगळ्या जणींची जाहिरात करा. मासळी कुठून येते, होडीपासून टोपलीपर्यंत सगळं बघा, हवं तेवढं चित्रण करा. फक्त आधी हे साहेब गटार झाकून देतील. देणार ना हो साहेब? शाल तेव्हाच मिळेल!"

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. जाहिरातीच्या बाईंनी तिघांना जवळ घेतलं. ढब्बूला जरा कमी जवळ.

कारण त्याचा वास काही जाईना! शाळा उघडली, पहिला तास भरला. खोलीत चार संगणक होते, एकही मोडकं बाक नव्हतं. बाईंनी हजेरी घ्यायला वही उघडली, तर दाराबाहेरून आवाज आला. तिथे ओळीने मांजरं बसली होती, सगळी ढब्बूकडे टक लावून.

"किती आहेत रे?" बाईंनी विचारलं.

"सोळा," कानसेन कान टवकारून म्हणाला. "थांबा... एक जिना चढतंय."