खालचा थर

जलालुद्दीनचाचांनी कॉलेजात आणलेल्या कॅनमध्ये खाली पाणी होतं आणि वर बोटभर पेट्रोल तरंगत होतं. आखाडा बाळापूरच्या पुढे, रस्त्याला लागून त्यांचा मळा. शेजारी बंद पडलेला पेट्रोलपंप. त्याच्या जमिनीतल्या टाकीतलं पेट्रोल पाझरून मळ्यातल्या विहिरीत उतरलं असावं. मोटार काढायला त्यांचा मुलगा अशफाक आत उतरला आणि वाफेनं गुदमरून तिथंच गेला. सव्वीस वर्षांचा होता.

मी हिंगोलीत रसायनशास्त्र शिकवते. चाचांना तक्रार करायची नव्हती. लेकराला कशानं मारलं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

योगायोगानं माझं संशोधन त्यातलंच. पेट्रोलमध्ये दोन जातींची द्रव्यं असतात : साध्या साखळीची अल्केनं आणि बेन्झीनसारखी वलयाची, म्हणजे ॲरोमॅटिक. नुसतं उकळून ती धड वेगळी होत नाहीत. मी कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते कोलीन क्लोराइड आणि शेतात टाकतात तो युरिया एकत्र तापवते. दोन्ही पांढरे, कोरडे. पण एकमेकांत मिसळले की पातळ होतात आणि निवल्यावरही पातळच राहतात. हा जड द्रव पेट्रोलमध्ये घालून हलवला की खाली बसतो. अल्केनं वरच सोडतो, ॲरोमॅटिक आपल्यात ओढून घेतो. थोडीच ओढतो, पण निवडून.

खालचा थर वेगळा काढून मी जरासा तापवला. बेन्झीनचा गोडसर वास यायला हवा होता.

वास आला तो ग्रीसचा, ओल्या टॉवेलचा, घामाचा. आणि त्याखाली, झोपलेल्या माणसाच्या मानेला येतो तसा, उबदार.

मी भांडी धुतली. प्रयोगशाळेतलं शुद्ध टोल्यूइन आणि हेप्टेन घेऊन तोच प्रयोग केला. सगळं बरोबर आलं. पुन्हा विहिरीतलं पेट्रोल घेतलं. पुन्हा तोच वास. घटक ओळखणाऱ्या यंत्रानं मात्र बेन्झीन आणि टोल्यूइन दाखवलं, दुसरं काही नाही.

निकाल ऐकायला चाचांबरोबर त्यांची बायको जैनबबी आली होती. मी बेन्झीनबद्दल सांगत होते, तेवढ्यात ती खालच्या थराच्या उघड्या बाटलीपाशी गेली, वाकली आणि हळूच फरशीवर बसली.

"अशफाक हाय," ती म्हणाली.

विषारी आहे, हुंगू नका, हे मी परोपरीनं सांगितलं. ती बाटली छातीशी धरून घेऊन गेली.

काही दिवसांनी चाचांचा फोन आला. दर वेळी उघडलं की वास कमी होतो, म्हणून जैनबबीनं बूच लावून वरून मेण ओतलं होतं. पण आता मी येऊन बघावं, असं ते म्हणाले. कशासाठी, ते सांगेनात.

बाटली कोनाड्यात होती. द्रवाच्या वर, काचेला आतून वाफेचा डाग धरत होता, विरत होता, परत धरत होता. मी ती सावलीत नेली, ओल्या फडक्यात गुंडाळली. हवा गरम-गार झाली की असं होतं, असं समजावलं. डाग थांबला नाही. त्याला घाई होती.

"हिरीत तो असाच करून राहिला होता," चाचा म्हणाले. "मी वरून बघत होतो." मग माझ्याकडे वळून, "उघडलं तर जातो. बंद ठेवलं तर गुदमरतो. तुमी शिकलेल्या हाव बाई, सांगा."

मी फडकं पुन्हा ओलं करायला उठले.

जैनबबीनं नखानं मेण खरवडलं. बूच काढून बाटलीच्या तोंडाला ओठ लावले आणि आपला श्वास सावकाश आत सोडला. लगेच बूच लावलं.

डागाची घाई कमी झाली.

मग ती रोज असं करू लागली. पुढं दिवसातून कितीदा तरी. चाचा फोनवर सांगायचे, बोलता बोलता थांबते, घागर उचलवत नाही. नांदेडच्या डॉक्टरांना तिच्या छातीत काही सापडलं नाही. मी बाटली परत आणायला गेले तेव्हा तिनं ती ओढणीखाली घेतली.

"पोटात होता तवा बी माझ्याच श्वासावर होता," ती म्हणाली. तेवढ्यासाठी तिला तीनदा थांबावं लागलं. "मला तकलीफ न्हाई."

मी रिकाम्या हातानं परतले.

शेवटची गेले तेव्हा उन्हं तापायला लागली होती. जैनबबी ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. बाटली मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती, डोळे मिटलेले.

चाचांनी मला हातानंच बसायची खूण केली. "हळू बोला," ते म्हणाले. "दोघं बी आत्ताच निजले."

मी समोर बसले. तिच्या खालच्या ओठावर एक माशी बसली होती. ती तिथून उघड्या तोंडात गेली, फिरून बाहेर आली, पुन्हा ओठावर बसली.

काचेवर वाफ धरत होती, विरत होती. संथ, अगदी आरामात.