रम्फाचा दुसरा सीझन

तीळ रेखण्यासाठी ओराफिनचा हात सवयीने मेकअपच्या काळ्या पेन्सिलीकडे गेला. रम्फाच्या डाव्या कानाखाली तीळ होता, असं मालिकेच्या लेखकांनी लिहून ठेवलं होतं. पहिल्या सीझनभर ओराफिनने तो रोज सकाळी रेखला होता आणि संध्याकाळी तेलाच्या बोळ्याने पुसला होता. आज तो आधीच तिथे होता.

"स्वतःच काढून आलीस होय?" ती म्हणाली. "माझ्या पोटावर पाय द्यायचा विचार दिसतोय."

खुर्चीत तिची धाकटी बहीण तोई बसली होती. रम्फाचं काम तीच करायची. ती आरशात बघून नुसती हसली. ओराफिनने बोळ्यावर तेल घेऊन तीळ पुसला, मग जरा दाबून पुसला. कातडी लाल झाली, तीळ काही हलला नाही.

"लागतंय ताई," तोई म्हणाली. "असू दे की. आयता आहे तर तुझी मेहनत वाचली."

शूटिंग मेक्लाँग नदीच्या काठी, एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात चाललं होतं. भर दुपारी रात्रीचे प्रसंग घेता यावेत म्हणून खिडक्यांवर काळं कापड ठोकलं होतं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत मिट्ट काळोख, आणि सगळीकडे चिखलाचा नि वाळत्या कोळंबीचा वास. पहिला सीझन तुफान गाजला होता. शेवटच्या भागात रम्फा मेली, शवपेटीत गेली, आणि लोकांनी चॅनेलला सळो की पळो करून सोडलं. म्हणून तिला परत आणायचं ठरलं. पोरीचं नशीब उघडलं, असं जो तो म्हणाला. ओराफिनलाही तसंच वाटत होतं, पण सोंगक्रानच्या, नववर्षाच्या सुट्टीनंतर आईचा फोन आला.

"तू घरी पाठवलीस ती कोण गं?" आईने विचारलं होतं. "कोळंबीचं अख्खं पातेलं रिकामं केलं तिने. आपल्या तोईने एक कोळंबी खाल्ली तर तोंडाचा भोपळा होतो. आणि मी तोई, तोई म्हणून घसा फोडला, ही ढिम्म. तेवढ्यात टीव्हीवर तुमची जाहिरात लागली, त्यात कुणी रम्फा म्हणालं, तर ही स्वयंपाकघरातून ओ देत बाहेर आली."

तेव्हा ओराफिनने ते हसण्यावारी नेलं होतं. आता तो बोळा हातात धरून उभी असताना तिला हसू येईना. ती तडक बुनसोंगकाकांकडे गेली. सेटवरचं सगळं सामान काकांच्या ताब्यात असे. ते नवी शवपेटी पुसत बसले होते. रम्फाच्या परतण्याच्या प्रसंगासाठी दुपारी त्याच पेटीत तोईला झोपायचं होतं.

"काका, मागच्या वेळी तोई पेटीतून उठली तेव्हा हाका कुणी मारल्या?"

काकांचा हात थांबला. मेलेल्याचं काम केलेल्या नटाला कुणी तसंच उठू देत नाही. त्याच्या माणसाने हात धरून, घरच्या नावाने तीन हाका मारून त्याला घरी बोलवायचं, मग आलेला जीव अंगात बांधून ठेवायला मनगटाला पांढरा दोरा बांधायचा. जीव पेटीत रेंगाळू नये, एवढ्यासाठी.

"तू विग आणायला बँकॉकला गेली होतीस," काका म्हणाले. "जेवणाची वेळ टळून गेली होती. सगळे भुकेने कावलेले. आपल्या असिस्टंट मोंतरीने भोंग्यातून आवाज दिला, 'रम्फा, ऊठ, चल जेवायला.' चार महिने सगळे तिला रम्फाच म्हणत होते ना. ती उठली. आम्ही हसलो. मीही हसलो, पोरी."

"मग?"

"मग काय. ज्याला बोलावलं ते उठलं."

"आणि दोरा?"

"तो मोंतरीनेच बांधला तिला."

ओराफिनने नव्या पेटीकडे पाहिलं. "ती जुनी पेटी कुठाय?"

"ती होय? पुण्य लागावं म्हणून विहारात दिली. बेवारशी प्रेतांना लागतात. त्याच आठवड्यात एक प्रेत तिच्यासकट भट्टीत गेलं." काकांनी फडकं झटकलं. "का गं?"

ओराफिनची गाळण उडाली होती, आणि ते कुणाला सांगावं हेही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की आज पुन्हा पेटी आहे, आज आपण इथे आहोत, आणि आपली तोई आपल्याला परत हवी आहे. तिने विहारातून मंतरलेला दोरा आणला आणि मुठीत घट्ट धरून ठेवला.

दुपारी तोई पेटीत झोपली. तिच्या श्वासाचा आवाज टिपायला ध्वनिमुद्रक थवीने उशीखाली माइक दडवला. झाकण लागलं, प्रसंग झाला, झाकण निघालं. दिग्दर्शकाने कट म्हटलं.

सहायक दिग्दर्शक मोंतरीने सवयीने भोंगा उचलला. ओराफिनने त्याचं मनगट धरलं.

"आज तू तोंड उघडायचं नाहीस."

"बरं बाई," तो चकित होऊन म्हणाला. "नाही उघडत."

ती पेटीशी गुडघे टेकून बसली. आतला हात तिने हातात घेतला. तो चांगला ऊबदार होता.

"तोई, घरी चल."

आतली हलली नाही.

"तोई, घरी चल. आई वाट बघतेय."

आतल्या बाईने डोळे उघडले. "कुणाला बोलावतेस ताई?" तिने विचारलं. चेष्टा नव्हती. चुकून दार ठोठावणाऱ्याला विचारावं, तसं विचारलं.

ओराफिनला रडू फुटलं. "तोई, ये गं. घरी चल."

कुणी काही बोललं नाही. पंखेही बंद होते.

"अरे, गप्प बसा ना जरा," थवी आपल्या यंत्रापासून म्हणाला. "कोण बोलतंय?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

थवीने कानावरचे हेडफोन काढले. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, ताई करतंय कुणीतरी," तो म्हणाला, आणि ते तिच्यापुढे धरले.

ओराफिनने ते कानाला लावले. आधी नुसती तडतड ऐकू आली, वाळकं लाकूड पेटताना होते तशी. मग लांबून, खालून, लहानपणी शेजारच्या गादीवरून यायचा तो आवाज आला.

"आले असते गं ताई. झाकण निघत नाहीये. आणि फार गरम होतंय."

पेटीतून एक हात वर आला. मनगट तिच्याकडे वळलं.

"दोरा बांध ना," रम्फा म्हणाली. "जेवण निवतंय."